नखांची निगा: येलदरी परिसरातील पुरुष बंधूंसाठी हंगामी सल्ला

प्रस्तावना

पुरुष बंधूंनो, सोयाबीनवर कोणती अळी आली म्हणजे काय फवारावं, हे सांगायला परभणीचं कृषी विद्यापीठ आहे. १९७२ पासून ते सांगत आलं आहे. हवामानाचा सल्ला तर आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मोबाइलवर येऊन पडतो. पण ज्या हातांनी पंप धरायचा, त्या हातांच्या नखांबद्दल आजवर कुणी साधं पत्रक काढलेलं नाही. ही उणीव प्रस्तुत सल्ल्याने दूर होईल. सल्ला नवशिक्यांसाठी आहे. ज्यांची नखं आजवर फक्त दातांनी आणि ब्लेडने पाहिली, त्यांनी तो दोनदा वाचावा.

पात्रता

पुढीलपैकी कोणतीही एक अट पूर्ण करणारा पुरुष नेल सलूनमध्ये जाण्यास पात्र आहे.

अ) ज्याची मुलगी पुण्यात नोकरीला आहे आणि तिने "बाबा, शनिवारी चारची वेळ घेतलीय" असं न विचारता ठरवून टाकलं आहे.

आ) ज्याच्या साखरपुड्यात फोटोग्राफर अंगठीचा फोटो एक वीत अंतरावरून काढणार आहे, हे त्याला आदल्या दिवशी कळलं आहे.

इ) जो मॉलमध्ये घरच्यांसोबत गेला, बसायला खुर्ची शोधत होता आणि जी पहिली मऊ खुर्ची दिसली तिच्यावर बसला.

सातबारा, रहिवासी दाखला, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो यांपैकी काहीही लागत नाही. झेरॉक्स काढून नेल्यास हसं होईल.

स्थळनिवड

येलदरीला पूर्णा नदीवरचं धरण आहे, साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आहे, जलाशयातली ताजी मासळी आहे. नेल सलूनसाठी मात्र गाव सोडावं लागतं. जिंतूर जवळ आहे, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पार्लरच्या दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी असू शकते. आणि जिंतूरच्या स्टँडवर आपल्याला ओळखणारा माणूस भेटतोच, "इकडं कुठं?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल. म्हणून पहिला प्रयोग छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे अशा, आपल्याला कुणी विचारत नाही अशा ठिकाणी करावा.

वार कोणता? मंगळवार, शनिवार, अमावस्या आणि तिन्हीसांजेनंतरची वेळ नखं कापायला आपल्याकडे वर्ज्य. सलूनवाल्यांना हे पंचांग कुणी कळवलेलं नाही. मुलीने शनिवारी चारची वेळ घेतली असेल, तर दोष मुलीच्या माथी मारून निघावं.

जमीन

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा टणक थर. दिसतं ते सगळं मेलेलं. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जी फिकट चंद्रकोर दिसते, ती त्या जिवंत भागाची कड. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे मृगाच्या पेरणीला मुळाशी असलेलं नख हरभऱ्याला घाटे धरेपर्यंत शेंड्याला पोहोचतं. पायाच्या नखाचा वेग साधारण निम्मा. पायाच्या अंगठ्याचं नख पुरतं बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पायावर पाटा पडून नख काळंनिळं झालं असेल, तर तो डाग पुढच्या खरिपालाही सोबतीला असू शकतो.

केराटिन आपल्याला नवीन नाही. बैलाचं शिंग ज्या प्रथिनाचं, त्याच प्रथिनाचं आपलं नख. आणि शिंगाचं काय करायचं, हे येलदरी परिसरात कुणाला शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. पोळ्याला आंघोळ. मग शिंगं तासायची, घासून गुळगुळीत करायची, त्यांना रंग द्यायचा, वर बेगड चिकटवायची. हे सगळं पुरुष करतात, चारचौघांत करतात, आणि शेजाऱ्याच्या बैलाच्या शिंगांपेक्षा आपल्या बैलाची शिंगं जास्त चमकली पाहिजेत म्हणून इरेला पेटून करतात. तासणं, घासणं, रंग, चकाकी: नेल सलूनमध्ये याच क्रमाने हेच होतं. फरक इतकाच की तिथे बैलाच्या जागी आपण बसायचं आहे आणि वाजंत्री नाही.

वाणनिहाय शिफारस

नखांचं प्रांतवार वर्गीकरण वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त करून ठेवलं आहे. गौड देशीच्या लोकांची नखं लांब, हाताला शोभा आणणारी. दक्षिणेकडच्यांची आखूड, कामाला टिकणारी. महाराष्ट्रातल्यांची मध्यम, दोन्ही गुण थोडे थोडे. ही शिफारस कोणत्या संदर्भात केली आहे, हे कुटुंबासमोर वाचू नये. परभणी विभागासाठी स्वतंत्र शिफारस उपलब्ध नाही. मध्यम वाण घ्यावा.

विक्रमी उत्पादनाची हौस असल्यास पुण्याचे श्रीधर चिल्लाळ यांचं उदाहरण समोर ठेवा. त्यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत. ती शेवटी २०१८ साली न्यू यॉर्कमध्ये कापली गेली, तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०० सेंटिमीटरच्या वर भरली आणि ती तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवली गेली. जगात एका हाताच्या नखांचा विक्रम महाराष्ट्राच्या पुरुषाने केला. तेव्हा नख हा पुरुषाचा विषय नव्हे, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. मात्र अशा हाताने कापूस वेचता येत नाही.

पूर्वमशागत

नखं निदान आठवडाभर दातांनी तोडू नका. कारागिराला कापायला काहीतरी ठेवा.

पाय धुऊन जा. तिथे पाय धुतातच, हे खरं. पण घरी माणूस येणार म्हटल्यावर आपण अंगण झाडतो ना?

हळदीच्या शिजवणीच्या दिवसांत गेल्यास पिवळी नखं पाहून सलूनमधल्या ताई कावीळ झाली का विचारतील. हळद असल्याचं सांगावं. हळदीचा डाग रंग पुसायच्या औषधापेक्षा उन्हाने लवकर फिका पडतो. शक्य तर दोन-चार दिवस थांबावं.

मोज्याला भोक नाही ना, हे घरून पाहून निघावं. ही सूचना अनेकांना क्षुल्लक वाटेल. तिथे गेल्यावर वाटणार नाही.

प्रत्यक्ष कृती

१. दार काचेचं असतं आणि उघडं आहे की बंद, ते कळत नाही. हात पुढे करून जावं. चपला दाराशी काढू नका. खुर्चीत बसल्यावर काढायच्या असतात.

२. "काय करायचं, सर?" असा प्रश्न येईल. आपल्याकडे कागद मागितल्याशिवाय कुणी 'सर' म्हणतं आहे, याने गोंधळून जाऊ नका. "सहज बघायला आलो" हे उत्तर कापडदुकानात चालतं, इथे नाही. स्पष्ट सांगा: "हात-पाय दोन्ही, रंग नको." हातांचं ते मॅनिक्युअर, पायांचं ते पेडिक्युअर. एवढे दोन शब्द पाठ केले की परीक्षा पास.

३. कोमट पाण्याचं भांडं समोर येईल. त्यात फुलाच्या पाकळ्या किंवा लिंबाची फोड असली, तरी ते प्यायचं नाही. बोटं बुडवायची.

४. हात ताईंच्या हाती द्यायचा आणि सैल सोडायचा. पहिल्यांदा गेलेल्या पुरुषाला हेच सगळ्यात अवघड जातं. आपला हात आजवर तपासायला डॉक्टरने धरला, भविष्य सांगायला ज्योतिषाने धरला, अंगठा उठवायला तलाठ्याने धरला. काही काम नसताना, नुसता नीट व्हावा म्हणून, कुणी धरलेला नाही. त्यामुळे हात आपोआप ताठ होतो. ताई तीनदा "सैल सोडा" म्हणतील. चौथ्यांदा सुटेल.

५. नखं कापून कानसतील. कानस एकाच दिशेने चालली पाहिजे. पुढे-मागे घासल्याने नखाचे पापुद्रे सुटतात. पायाची नखं सरळ कापायला सांगा. कोपरे गोल कोरले, तर नख कडेने मांसात घुसतं आणि मग बुटात पाय जात नाही.

६. नखाच्या बुडाशी जी बारीक कातडी असते, तिला तिथे क्युटिकल म्हणतात. मऊ करून ती मागे सारणं ठीक. कापायला मात्र नको म्हणा. नख आणि कातडी यांच्यामधली फट ती बुजवते. ती कापली की घाण आत शिरते आणि नखुरडं होतं. नखुरड्याने रात्रभर ठणकणारं बोट काय असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

७. पाय टबात जातील. मग भेगांवर वजरी फिरेल. इंग्रजी नाव काही असो, वजरीच ती. आपल्या न्हाणीघरात तिची थोरली बहीण आहे. तळव्याला गुदगुल्या होतात. हसू दाबलं तर पाय झटकला जातो आणि टबातलं पाणी ताईंच्या अंगावर जातं. म्हणून हसा.

८. नंतर पोटऱ्यांपर्यंत मालिश. इथे संकोच वाटल्यास दोन गोष्टी आठवा. एक, लहानपणी आजीने काशाच्या वाटीला तूप लावून तळवे घासले होते, तेव्हा आपण झोपी गेलो होतो. दोन, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय अनोळखी माणसं चेपतात, आणि शेगावची पालखी तर आपल्याच परभणी-गंगाखेडवरून जाते. चरकसंहितेतही पायांना तेल लावण्याचे गुण सांगितले आहेत. भेगा जातात, खरखर जाते, थकवा जातो. पेडिक्युअरमधलं नवीन काय, तर ते खुर्चीत बसून होतं.

९. शेवटी बफिंग. चौकोनी ठोकळ्याने नख घासतात आणि रंग न लावता नख चमकतं. पहिल्या खेपेला इथेच थांबावं.

रंगाची फवारणी (ऐच्छिक)

रंग लावणं पुरुषाला शोभत नाही, असं म्हणणाऱ्याने आपली डावी तर्जनी आठवावी. १९६२ च्या निवडणुकीपासून मतदान केलेल्या प्रत्येकाच्या बोटाला शाई लागत आली आहे. म्हैसूरच्या सरकारी रंग-कारखान्यात ती बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, आणि नखावरचा तिचा डाग नख वाढून कापलं जाईपर्यंत हलत नाही. तो रंग आपण रांगेत उभं राहून लावून घेतला, वर बोट दाखवत फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. तेव्हा कुणी बायकी म्हटलं नाही.

साधं नेलपॉलिश हवेत वाळतं. जेल पॉलिश हवेत वाळत नाही. त्याला छोट्या पेटीसारख्या दिव्याखाली हात धरावा लागतो आणि अतिनील किरणांनी ते कडक होतं. थोडं चटका बसल्यासारखं वाटतं. वाटलं तर लगेच हात बाहेर काढा. शौर्याची ही जागा नव्हे. जेल दोन-तीन आठवडे टिकतं. ते नखाने खरवडून काढू नये, नखाचा वरचा थर सोबत निघतो. ते ॲसिटोनने मऊ करून काढतात. फिकट रंगाचं जेल लावून झुणका किंवा रस्सा हाताने खाल्ला, तर पहिल्याच जेवणाला ते पिवळं पडतं. आणि ऑपरेशनला जायचं असेल, तर रंग काढून जावं. बोटाला लावतात तो ऑक्सिजनचा चिमटा नखातूनच वाचतो.

आंतरमशागत: बोलणं-चालणं

तास-दीड तास समोरासमोर बसायचं असतं, त्यामुळे बोलणं होतं. पुढील प्रश्न टाळावेत: "तुम्ही कोणत्या?", "लग्न झालं का?", "हे काम घरचे करू देतात का?" मोठ्या शहरांच्या सलूनांत ईशान्येकडून, मणिपूर-नागालँडकडून आलेल्या मुली बऱ्याच असतात. त्यांना "नेपाळच्या का?" विचारू नये. त्या आपल्याच देशाच्या आहेत आणि हा प्रश्न दिवसभरात त्यांनी आधीच पुरेसा ऐकलेला असतो. त्यांच्यातली एखादी आपल्यापेक्षा बरं मराठी बोलेल, त्यावर "अरे वा!" असं ओरडू नये.

काही बंधू म्हणतील, दुसऱ्याकडून नखं कापून घेणं ही शहरी फॅशन आहे. आपल्या आजोबांना विचारा. आजोबा नसतील, तर त्यांच्या वयाच्या कुणाला विचारा. गावचा न्हावी धोकटी घेऊन यायचा. तिच्यात वस्तरा असायचा, कात्री असायची आणि नखं काढायला नराणी असायची. ओट्यावर बसल्या बसल्या दाढी, डोकं, हातापायाची नखं सगळं व्हायचं. त्याचं बलुतं सुगीला खळ्यावर धान्यात दिलं जायचं. म्हणजे येलदरीच्या पंचक्रोशीतला पुरुष धरणाच्या भिंतीआधीपासून मॅनिक्युअर करून घेत आला आहे.

फक्त त्या व्यवस्थेत न्हाव्याला दर ठरवता येत नव्हता आणि नाही म्हणता येत नव्हतं. गावातल्या सगळ्यांना ती सेवा मिळतही नव्हती. कुणाच्या दारी नराणी जायची आणि कुणाच्या नाही, हे जात ठरवत होती. आताच्या ताईंकडे भिंतीवर दरपत्रक आहे, दाराला सगळ्यांसाठी एकच मूठ आहे, आणि गिऱ्हाईक वावगं वागलं तर त्याला उठवायचा हक्क आहे. जुनं काय बरं होतं, याची यादी करताना हेही लिहावं.

कीड व रोग

अवजारं पाहूनच हात द्यावा. धातूची अवजारं निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातून आपल्यासमोर काढली पाहिजेत. लाकडी काडी एका माणसासाठी एकदाच. टब मागच्या गिऱ्हाइकानंतर धुतला का, हे विचारायला लाजू नका. आपण मंडईत वांगं उलटून बघतो, ते कुणाला लाजून?

नख जाड, पिवळं, ठिसूळ होऊन भुगा पडत असेल, तर ती बुरशी असू शकते. ती रंगाखाली झाकायची नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायची. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील, तर आधी त्या बऱ्या होऊ द्या. कुरूप ब्लेडने कोरून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.

मधुमेह असलेल्यांसाठी विशेष सूचना, आणि ही गमतीची नाही: साखरेमुळे पायाची संवेदना कमी होते. पाणी किती गरम आहे कळत नाही, कातडी कापली गेली तरी कळत नाही, आणि ती छोटी जखम महिनोन् महिने चिघळू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेडिक्युअर करू नये. केलंच, तर मधुमेह आहे हे पाय टबात घालण्याआधी सांगावं.

बाजारभाव

दर भिंतीवर लिहिलेला असतो. तो वाचून मगच खुर्चीत बसावं. "एका हाताचे किती?" असं विचारून अर्ध्या पैशात काम उरकण्याचा विचार करू नये. सलूनच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल मिळाल्यास तेवढा आकडा बघून घ्यावा. ताईंना वर काही द्यायचं तर हातात द्यावं आणि त्याचं भाषण करू नये.

काढणीपश्चात व्यवस्थापन

गावात परतल्यावर हात खिशात ठेवू नका, संशय वाढतो. पारावर कुणी विचारलंच, तर रेशन दुकानाचं कारण पुढे करावं. मशीनवर अंगठा लागत नाही, बोटांच्या रेषा झिजल्यात, ही तक्रार घरोघरी आहे. हात स्वच्छ असले, कातडी मऊ असली, तर ठसा बरा उमटतो, हे सांगितल्यावर सगळे गंभीर होतील आणि दोघे-तिघे पत्ता विचारतील.

शंकासमाधान

*प्रश्न: पुन्हा किती दिवसांनी जावं?*
उत्तर: चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनदा केस-नखं काढायला सांगितली आहेत. तेवढी नखं घरी कापावीत. सलूनला सुगीचे पैसे हातात आल्यावर जावं.

*प्रश्न: नखावर पांढरे ठिपके आहेत. कॅल्शियम कमी आहे का?*
उत्तर: बहुतेक वेळा नाही. मुळाशी बारीकसा मार लागलेला असतो. नखाबरोबर ठिपका पुढे सरकत जातो.

*प्रश्न: बैलाला वर्षातून एक पोळा. माणसाला किती?*
उत्तर: पुरुषाला निदान एक असावा, अशी या सल्ल्याची शिफारस आहे.

*प्रश्न: सगळं पटलं. पण ते शेवटी बायकांचंच ठिकाण ना?*
उत्तर: असं सगळेच म्हणतात. घरात कापूस कोण वेचतं, हे तुम्हाला माहीत आहे. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांच्या टोकांनी नखांच्या कडा कुणाच्या सोलतात, राखेने भांडी कोण घासतं, हळदीच्या दिवसांत महिनाभर कुणाची बोटं पिवळी असतात, हेही माहीत आहे. त्यांपैकी कोण कधी त्या बायकांच्या ठिकाणी जाऊन आलं, ते आज घरी विचारा. मग मुलीला फोन करा आणि चारची वेळ एकाऐवजी दोघांची करायला सांगा. आधी त्यांचे हात होऊ द्या. तुम्ही बाजूच्या खुर्चीत पाय टबात घालून बसा आणि पाणी उडवू नका.